मस्टर दोन, सह्या कुणाच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राध्यापक भरतीचा विषय निघाला की ‘महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहेच की’ हे ठरलेलं उत्तर येतं. आहे, नाकारत नाही. पण आम्ही गळतो त्या मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचायच्या आधीच.

मी तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवते. प्राध्यापकपदाची नेट ही पात्रता परीक्षा पास आहे, पीएच.डी. आहे. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी ऑर्डर. सुट्टीत पैसे नाहीत. मुलगी झाली तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. कायम सहकारी मैत्रिणीला १८० दिवसांची भरपगारी रजा मिळाली. मला फोन आला, ‘मॅडम, तुमचे तास दुसऱ्यांना दिलेत, पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी विषयाचा पहिला प्रश्न येण्याआधी एका सरांनी विचारलं, ‘बाळाला कोण बघणार?’ माझ्याआधी आत जाऊन आलेल्या उमेदवाराला दोन लहान मुलं होती. त्याला विचारलं ते फक्त पीएच.डी.बद्दल.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीतला, मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवणारा छाननीचा तक्ता बघा. अध्यापनाच्या एका वर्षाला २ गुण, कमाल १०. वर्ष अपुरं असेल तर त्या प्रमाणात कपात. बाळंतपणाने मोडलेल्या वर्षाला या तक्त्यात कुठेच सवलत नाही. कायम जागेच्या पुढच्या जाहिरातीला मी दीड गुणाने छाननीतच राहिले. निवड समितीवर स्त्री असते म्हणावं, तर त्याच नियमावलीत अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, दिव्यांग या सगळ्यांचा प्रतिनिधी म्हणून जागा एकच आहे!

२०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार १०० पुरुष शिक्षकांमागे ७७ शिक्षिका आहेत. ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडे मात्र कायम शिक्षकांचं मस्टर वेगळं, सीएचबीचं वेगळं, आणि बायकांच्या सह्या जास्त दुसऱ्यात.

विद्यापीठांकडे दोनच मागण्या आहेत. तासिकेवरच्या शिक्षिकेचे प्रसूतीचे सहा महिने अनुभवात धरा. आणि प्रत्येक जागेसाठी अर्ज किती बायकांचे, छाननीत किती टिकल्या, निवड किती जणींची, हे तिन्ही आकडे संकेतस्थळावर टाका. कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे दाखवणारी जातनिहाय बिंदुनामावली तपासून घेता येते, तर हेही जमावं.

माझी मुलगी यंदा पहिलीत गेली. माझी जूनची ऑर्डर अजून यायची आहे.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक प्राध्यापिका, सातारा