‘आधी लॉग दाखवा’ म्हणणाऱ्या भाऊंना

जळगाव

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये शाळा, पतसंस्था, केळीचे व्यापारी, जिनिंगवाले यांचे लहान सर्व्हर सांभाळणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घेत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. मेल का अडकतो ते शोधण्याचा तुमचा तो दोन पानी कागद इतक्या हातांतून फिरलाय की आता झेरॉक्सची झेरॉक्स निघते, आणि एका प्रतीत तर ४६५ या पोर्टचं, म्हणजे मेलच्या दाराच्या नंबरचं, ५६५ झालंय. कागद पुसट होण्याआधी त्यातलं नीट लिहून काढावं, हाही या पत्रामागचा हेतू आहे.

“मेल जात नाहीये” एवढ्यावर तुम्ही कधीच उत्तर दिलं नाहीत. लॉगमधली, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहीत जातो त्या नोंदवहीतली, ओळ मागितलीत, आणि त्या ओळीतही फक्त ‘स्टेटस’ पुढचा शब्द. तिथे ‘सेंट’ असेल तर पुढच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, एवढाच त्याचा अर्थ. सावद्याहून केळीची वॅगन सुटली म्हणून दिल्लीत माल उतरला असं कुणी धरत नाही. पण ‘सेंट’ वाचून मेल वाचला गेला असं आपण खुशाल धरतो. ‘बाउन्स्ड’ म्हणजे समोरच्याने ५०० च्या घरातला आकडा देऊन कायमचं नाही म्हटलं. ‘डिफर्ड’ म्हणजे ४०० च्या घरातला आकडा, किंवा जोडणीच झाली नाही. अशा वेळी पोस्टफिक्स, म्हणजे सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्राम, मेल रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतं: मूळ सेटिंगमध्ये आधी काही मिनिटांनी, मग अंतर वाढवत जास्तीत जास्त ४,००० सेकंदांनी, असं ५ दिवस. त्या ५ दिवसांत पाठवणाऱ्याला चकार शब्द कळवला जात नाही, कारण उशिराची सूचना देण्याची वेळ मुळात शून्य, म्हणजे बंद असते. ती ४ तासांवर आणायची तुमची एक ओळ आम्ही सगळीकडे घातली. पतसंस्थेच्या मॅनेजरला सोमवारी अडकलेलं पत्र शनिवारी कळणं परवडत नाही.

लॉगची वेळ बघतानाची तुमची ताकीदही तशीच कामाची. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर साडेपाच तास मिळवूनच शोधायचं. दुपारी दोनचा मेल लॉगमध्ये सकाळी साडेआठला सापडतो.

सगळ्यात मोठे आभार मात्र पोस्टफिक्सच्या सेटिंगमधल्या ‘मायडेस्टिनेशन’ या एका ओळीसाठी. आमच्याकडच्या बहुतेक संस्थांची वेबसाइट एका सर्व्हरवर आणि मेलबॉक्स दुसऱ्याच कंपनीकडे असतात. तक्रार ठरलेली: साइटवरून जीमेलला मेल जातो, बाहेरच्या कुणालाही जातो, आणि संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावर तेवढा येत नाही. लोक एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने मेल पाठवावा ती यादी) तपासतात, पासवर्ड बदलतात, मेलबॉक्स देणाऱ्या कंपनीशी भांडतात. दोष असतो पोस्टफिक्स बसवतानाच्या एका प्रश्नात. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर ते ‘सिस्टिम मेल नेम’ विचारतं, आपण भोळेपणाने संस्थेचं डोमेन टाकतो, आणि ते नाव मायडेस्टिनेशनच्या यादीत जाऊन बसतं. आता सर्व्हरची समजूत होते की या डोमेनचा मुक्कामाचा सर्व्हर आपणच. मग तो डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, एमएक्स रेकॉर्ड (त्या डोमेनचे मेल कुठे द्यायचे ती नोंद) बघायला जातच नाही, आपल्याच घरात त्या नावाचा माणूस शोधतो. सापडला नाही तर ५५० चा आकडा आणि स्थानिक यादीत असा वापरकर्ता नाही, असा शेरा मिळतो. हे बरं म्हणायचं, निदान ओरडतो तरी. त्याच नावाचा लिनक्स वापरकर्ता सर्व्हरवर असेल तर लॉगमध्ये ‘सेंट’ येतं आणि मेल गुपचूप व्हार-मेल फोल्डरात साठत राहतो. म्हणून ‘सेंट’च्या पुढचा कंस वाचा, तिथे ‘डिलिव्हर्ड टू मेलबॉक्स’ असेल तर मेल गावाबाहेर पडलेलाच नाही, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतंत.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. मायडेस्टिनेशनमध्ये फक्त लोकलहोस्ट ठेवायचं, पोस्टफिक्स रीलोड करायचं आणि पोस्टकॉन्फ या आज्ञेला ‘एन’ लावून बदल खरंच लागला का ते पाहायचं. ज्यांच्याकडे सीपॅनल (सर्व्हर सांभाळायचा वेबवरचा फलक) आहे त्यांचाही आजार हाच. तिथे ‘ईमेल राउटिंग’मध्ये लोकलऐवजी रिमोट निवडायचं. सर्व्हरवर बाहेरून मेल घ्यायचेच नसतील तर ऐकायचा पत्ताही ‘लूपबॅक-ओन्ली’ करून टाकायचा. दार उघडं ठेवून कुलपाची चौकशी कशाला?

रिलेचं, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरचं, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच निघालं. बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट मुळातच बंद ठेवतात. लॉगमध्ये ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ दिसतं आणि माणूस फायरवॉल उघडत बसतो. त्यापेक्षा ५८७ वरून रिलेकडे द्यावं. रिलेहोस्टचं नाव चौकटी कंसात लिहायचं. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातं आणि भलत्याच दारात उभं राहतं. पासवर्डच्या फाइलमध्येही नाव कंस आणि पोर्टसकट जसंच्या तसं हवं. एक खूण चुकली की पासवर्ड सापडत नाही, लॉगिन न करताच मेल पुढे सरकवला जातो आणि रिले हाकलून देतो. बाकी तीन गोष्टी: टीएलएस (जोडणी सांकेतिक करणारी सोय) ‘एन्क्रिप्ट’वर, सॅसलच्या (लॉगिनच्या यंत्रणेच्या) सुरक्षा पर्यायात फक्त ‘नोॲनॉनिमस’, आणि डेबियनवर लिबसॅसल२-मॉड्यूल्स हे पॅकेज. या शेवटच्या दोहोंपैकी काहीही राहिलं तरी ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ अशी एकच ओळ येते. पासवर्ड बरोबर असूनही येते, म्हणून ती जास्त छळते.

संपर्क फॉर्मबद्दल तुम्ही रागावूनच लिहिलं होतंत, आणि राग रास्त होता. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये टाकण्याची खोड कित्येक तयार टेम्प्लेटमध्ये आहे. आपला सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवतोय, ते कोण घेईल? याहूने तर एप्रिल २०१४ पासूनच आपल्या पत्त्यांसाठी ‘रिजेक्ट’, म्हणजे असे मेल सरळ नाकारा, असं लावलंय. फ्रॉममध्ये संस्थेचाच पत्ता, भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये, उत्तर बरोबर त्यालाच जातं. आणि पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता वेगळा, हे विसरायचं नाही: पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतून पाठवलेल्या मेलच्या पाकिटावर बहुतेक वेळा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा हा वापरकर्ता आणि सर्व्हरचं नाव असतं. एसपीएफ पाकीट तपासतं, आतलं पत्र नव्हे. म्हणून पाठवण्याच्या फंक्शनला पाचवा घटक म्हणून ‘एफ’ लावून संस्थेचा पत्ता द्यायचा.

मराठी विषयओळीचा हिशेब तर तुमच्याइतका नीट आम्हाला कुणीच मांडून दिला नव्हता. विषयात देवनागरी तशीच सोडली तर काही सर्व्हर ती नाकारतात, काही तिची भेंडोळी करतात. ती संकेतात बांधावी लागते आणि एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते. यूटीएफ-८ आणि बेस-६४ च्या पुढच्या-मागच्या खुणांत १२ जातात, बेस-६४ मध्ये ४ अक्षरांत ३ बाइट बसतात म्हणून उरलेल्या ६३ पैकी ६० वापरता येतात, म्हणजे ४५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळा मोजायचा. एका तुकड्यात १५ चिन्हं. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना’ ही ओळ म्हणूनच एका तुकड्यात मावत नाही. तुकडा अक्षराच्या मधोमध, बाइट मोजून कापला की तिथे प्रश्नचिन्हाची चौकट उमटते. स्वतः कापायला जाऊ नका, लायब्ररीला कापू द्या, असा तुमचा शेरा होता.

डीएनएसचं थोडक्यात, कारण ते आता बहुतेकांना पाठ आहे. एसपीएफचं रेकॉर्ड एकच. जुन्याला हात न लावता दुसरं टाकलं की दोन्ही फुकट. त्यात डीएनएसच्या चौकश्या १० च्या वर जायला नकोत. डीकिमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) २,०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांच्या एका ओळीत मावत नाही, ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्यायची. डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी ‘नन’वर, म्हणजे काही न अडवता, ठेवून अहवाल पाहायचे. स्वतःच्या आयपीवरून (सर्व्हरच्या आकडी पत्त्यावरून) पाठवत असाल तर उलटा पत्ता, म्हणजे पीटीआर, सर्व्हर देणाऱ्या कंपनीकडून लावून घ्यायचा. डोमेन विकणाऱ्याकडे तो सापडणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू याबाबत कडक झाले, आणि तुमचा कागद त्याच्या आधीचा होता.

एका बाबतीत मात्र आमचं तुमच्याशी पटत नाही. रिले कसा लावायचा ते सांगूनही, स्वतःच्या आयपीवरूनच पाठवा, रिलेवर विसंबू नका, असा तुमचा आग्रह. दिवसाला चाळीस पावत्या पाठवणाऱ्या आडतदाराच्या आयपीची पत तयार कधी होणार, आणि शेजारच्या आयपीवाल्याने कचरा पाठवला तर ती टिकणार कशी? आम्ही रिलेच ठेवलाय. यावर वाद घालायचा असेल तर थंडीत या, भरताची वांगी निघालेली असतील. भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडून, लॅपटॉप तुमचा.

आपले,
तिन्ही जिल्ह्यांतले सर्व्हरवाले

ता. क.: कागदावर एक ओळ आम्ही आमच्या हाताने वाढवली आहे. रिलेचा पासवर्ड बदलल्यावर फाइल जतन करून भागत नाही, त्या फाइलची डीबी फाइल तयार करणारं पोस्टमॅप पुन्हा चालवावं लागतं. नाहीतर पोस्टफिक्स जुनाच पासवर्ड वापरत राहतं. मूळ फाइल आणि तयार झालेली डीबी फाइल, दोन्हींना परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी. तुमच्या प्रतीतही लिहून घ्या.