गळाच्या दुकानातल्या मामांना

आदरणीय मामा,

स. न. वि. वि.

दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी दांडी मागतो, आणि तुम्ही दांडीला हात न लावता विचारता, "पाणी कुठलं?" माजलगाव, येलदरी, नाथसागर आणि गावोगावचे पाझर तलाव, या काठांवर गळ टाकणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून त्या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण तुम्ही गिऱ्हाइकाला जे समजावता ते दुकानापर्यंत पोचू न शकणाऱ्या नव्या पोरांनाही मिळावं.

तुमचा क्रम असा: आधी पाणी, मग मासा, मग आमिष, मग दोर, मग रीळ आणि सगळ्यात शेवटी दांडी. बहुतेकांचा पैसा वाया जातो तो हा क्रम उलटा धरल्यानं. महागडी दांडी आधी येते, मग तिला न पेलणारं आमिष येतं आणि दोर मिळेल तो भरला जातो.

दुकानातल्या खोक्यांवर ज्या तोंडमोठ्या माशाचं चित्र असतं तो बास. तो मूळचा अमेरिकेचा, आपल्या धरणांत नाही. रबरी बेडूक, स्पिनरबेट (फिरत्या पत्र्याचं आमिष), क्रँकबेट (पुढे जीभ असलेला, ओढला की खाली जाणारा नकली मासा) हा बराचसा माल त्याच्यासाठी घडला, आणि आपल्याकडे तो चालतो मरळीला. दोघांची बसायची जागा सारखी: काठचं गवत, पाण्यात बुडालेली झुडपं, जलपर्णीची सावली. दोघंही दबा धरून बसतात. पण बास जबडा झटक्यात उघडून पाण्यासकट आमिष ओढून घेतो, तर मरळ बऱ्याचदा दातांत धरते, वळते आणि मग गिळते. बासचा खालचा ओठ अंगठ्यानं धरून त्याला उचलतात, ते पाहून मरळीच्या तोंडात अंगठा घालू नका. दात बारीक असले तरी बोट फाडतात. लांब नाकाची पक्कड खिशात हवीच.

मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून अधूनमधून वर येते. सकाळी वारा पडलेला असताना पानकणसाच्या कडेला गोल तरंग उठून त्याच्या मध्ये एखादा बुडबुडा राहिला, तर जागा सापडली. आमिष थेट त्या तरंगावर आपटायचं नाही. दीड-दोन मीटर पलीकडे टाकून सावकाश वरून आणायचं.

आता बेडूक, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. पोकळ रबराचा, 10 ते 15 ग्रॅमचा, पाठीवर दुहेरी गळ असलेला. गळाची टोकं पाठीला चिकटून असतात म्हणून तो शेवाळावरून न अडकता सरकतो, आणि मासा दाबतो तेव्हाच ती उघडी पडतात. घेताना तुम्ही दाखवता तशी परीक्षा करावी. बादलीत बुडवून हळू दाबायचा. ज्या सांध्यातून बुडबुड्यांची ओळ निघते तिथून पाणी आत जाणार, आणि पाच-सात फेकांत बेडूक मागून बुडायला लागणार. सांधा कोरडा करून झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब बहुतेक वेळा पुरतो. दुसरी परीक्षा गळाची: टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. नखात रुतून थांबलं तर धार आहे, घसरलं तर कानस मारा. टोकं रबरात फार दबलेली असतील तर पकडीनं जेमतेम एक-दोन मिलिमीटर वर काढा. त्याहून जास्त काढली की प्रत्येक फेकीला गवताचा भारा येईल.

मासा झडप घालतो आणि बेडूक रिकामा परत येतो, ही तक्रार दर आठवड्याला दुकानात येत असणार. कारण एकच, आवाज ऐकताच मारलेला झटका. आवाज म्हणजे मासा अजून फक्त धरतोय. दांडीचं टोक माशाकडे झुकवा, ढिला दोर गुंडाळून घ्या, एक-दोन सेकंदांनी वजन हाताला लागलं की मग जोरात वर. मरळीच्या तोंडाची हाडं कडक असतात, मऊ ओढीनं गळ रुतत नाही. आणि रुतल्यावर तिला गवतात डोकं खुपसू द्यायचं नाही, पहिल्या तीन-चार मीटरांतच तिचं तोंड आपल्याकडे वळलं पाहिजे.

गवताबाहेरच्या पाण्याला दुसरं आमिष. आपली काळी माती पाण्यात तरंगत राहते, पुराचं पाणी आठवडेच्या आठवडे चहासारखं असतं. अशा पाण्यात रंगापेक्षा थरथर महत्त्वाची, म्हणून गोल पत्र्याचा स्पिनरबेट, 10 ते 14 ग्रॅमचा, काळा किंवा भडक पिवळा. हिवाळ्यात पाणी निवळलं की लांबट पत्रा आणि माशासारखे फिके रंग. क्रँकबेटची जीभ जितकी मोठी आणि आडवी, तितका तो खोल जातो. उन्हाळ्यात पाणी उतरून मासा जुन्या नदीपात्राच्या कडेला सरकतो तेव्हा त्याचा उपयोग, पण बुडालेल्या बाभळी असतील तिथं तो नेऊ नका. शिवडा या शिकारी माशासाठी चांदीसारखा चमचा, आणि चमच्याआधी 20-25 सेंटीमीटर तारेचा तुकडा. त्याचे दात तंगूस (साधा एकेरी नायलॉनचा दोर) सहज कापतात.

खोक्यावर वजनं औंसात असतात आणि तिथं नवी पोरं गोंधळतात. पाव औंस म्हणजे 7 ग्रॅम, तीन अष्टमांश म्हणजे साधारण साडेदहा, अर्धा म्हणजे 14. पौंडाला 0.45 नं गुणलं की किलो.

दोराबद्दल मात्र मामा, तुमचे आभार सावकाश मानायला हवेत. तंगूस ताणला की पाव हिश्शापर्यंत लांबतो. 25 मीटरवरच्या मरळीला झटका मारला तर बराचसा जोर दोर ताणण्यातच जातो, म्हणून गवतात विणलेली, म्हणजे ब्रेडेड लाइन. ती जवळपास ताणत नाही आणि शेवाळाचे देठ कापत येते. दाट गवताला 30 पौंड ताण पेलणारी, मोकळ्या पाण्याला 20 पौंडांची पुरते. पाकिटावर छापलेल्या पौंडांवर विसंबू नका, जाडीचा आकडा पाहा: जपानी मापात 1 नंबर म्हणजे 0.165 मिलिमीटर, 2 नंबर 0.235, 3 नंबर 0.285. 1 नंबरच्या दोरावर कुणी 40 पौंड छापलं असेल तर तो दोर खाली ठेवा. खात्री करायची तर दोन मीटर तुकड्याला नेहमीची गाठ मारून स्प्रिंगच्या काट्याला लावा आणि दुसरं टोक लाकडावर गुंडाळून ओढा. हाताला गुंडाळलं तर बोट कापेल. दोर जवळपास नेहमी गाठीतच तुटतो, म्हणून काट्यावर दिसेल तेवढीच आपली खरी ताकद.

ब्रेडेड लाइनला साधी पिळाची गाठ सरकते, पालोमार मारावी. दोर दुमडून गळाच्या डोळ्यातून काढायचा, दुमडीची सैल साधी गाठ मारायची, फास आख्ख्या बेडकावरून खाली घ्यायचा, गाठ ओली करायची आणि मग दोन्ही टोकं एकसारखी ओढायची. फास आखूड ठेवला तर तो बेडकाच्या पायांत अडकतो, तेव्हा वीतभर जास्त दोर धरावा. कोरडी गाठ आवळली तर तंगूस घासून तापतो आणि तिथंच कमजोर होतो. बेडकाला दोर थेट बांधावा. फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात कमी दिसणारा दोर, बुडतो आणि बेडकाचं नाक खाली ओढतो. स्वच्छ पाण्यात स्पिनरबेटपुढं मात्र हातभर फ्लोरोकार्बन जोडायला हरकत नाही.

रिळाचं थोडक्यात. नवशिक्याला 2500 किंवा 3000 आकाराचं उभं स्पिनिंग रीळ द्यावं. आडव्या बेटकास्टरला अंगठ्याची सवय लागेपर्यंत दोराचं घरटं होतं. ब्रेडेड लाइन सरळ स्पूलवर (रिळाच्या चकतीवर) गुंडाळली तर आख्खी लाइन स्पूलभोवती घसरते आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोर सोडणारा ब्रेक) बिघडला असं वाटतं, म्हणून खाली आठ-दहा वेढे तंगूस. काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकंच भरायचं: जास्त भरलं तर सैल वेढे एकदम सुटून गुंता होतो, कमी भरलं तर फेक आखूड पडते. फेकल्यावर रिळावरची दोर अडवणारी तार हातानं मिटा, गुंते कमी होतात. ड्रॅग काट्याला लावून अडीच किलोच्या आसपास सुटेल असा ठेवा.

आणि आता दांडी. बेडकासाठी साडेसहा ते सात फुटांची, मिडियम हेवी (मध्यमहून कडक), फास्ट, म्हणजे वरचा तिसरा भागच वाकणारी. स्पिनरबेट आणि क्रँकबेटसाठी मिडियम. मुठीच्या वर छापलेला आमिषाच्या वजनाचा आकडा वाचलाच पाहिजे: 7 ते 21 ग्रॅमच्या दांडीनं 3 ग्रॅम फेकलं तर ती वाकतच नाही, 40 फेकलं तर एखाद दिवशी मोडते. घेताना कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा तंतू अडकला म्हणजे तिथं तडा आहे, आणि तोच तडा ब्रेडेड लाइन कुरतडतो. डोळ्याला हा तडा दिसत नाही. दोन तुकड्यांची दांडी असेल तर सांध्याला मेणबत्तीचं मेण चोळा, ना सैल पडत ना अडकत. दांड्या मोडतात त्या फेकताना कमी, काठाशी आलेला मासा दांडी उभी करून उचलताना जास्त. मासा जाळीनं घ्यावा, किंवा दांडी खाली झुकवून, दोर ताणलेला ठेवून काठावर ओढावा.

मे महिन्यात रबरी आमिषं गाडीत राहिली तर एकमेकांना चिकटतात, आणि कडक प्लास्टिकच्या आमिषांसोबत ठेवली तर त्यांचा रंग विरघळवतात. म्हणून दोन वेगळे डबे, दोन्ही सावलीत.

धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा स्थानिक मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो, नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे. विचारल्याशिवाय गळ टाकू नका, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता, त्याचं मोल फार आहे. पाणकळ्यात पाण्यावर मरळीच्या केशरी-लाल पिलांचा गोळा उकळल्यासारखा हलताना दिसला तर तिथून फेक वळवायची. खाली राखणीला आईबाप असतात, ते आमिषावर भूक म्हणून नाही तर राखण म्हणून धावतात. ते गेले की आख्खा गोळा इतर माशांच्या पोटात जातो. अशा वेळी स्वतःच्या विक्रीचा विचार न करता तुम्ही बेडकांचा डबा झाकून ठेवता, मामा, याबद्दल वेगळे आभार.

तोडलेल्या दोराचे तुकडे टाकायला तुम्ही दाराशी तेलाचा रिकामा डबा ठेवलाय. तसाच एक डबा आता माजलगावच्या काठी बाभळीला बांधलाय, बगळ्यांच्या पायांत तंगूस गुंतू नये म्हणून. भरला की घेऊन येतो.

आपले,
धरणाकाठची गळवाली मंडळी