चिपसाठीचा युरोपीय निधी नेमका कुठे कामी येतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

युरोपात चिपचे संशोधन आणि उत्पादन वाढवण्यासाठीचा युरोपीय संघाचा चिप कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला. तेव्हापासून २०३० पर्यंत चिपच्या जागतिक उत्पादनात २० टक्के वाटा मिळवण्याच्या उद्दिष्टावरच त्याचे यशापयश जोखले जात आहे. संघाचे हिशेब तपासणाऱ्या युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने एप्रिल २०२५ च्या अहवालात हा वाटा ११.७ टक्क्यांच्या आसपासच राहील, या युरोपीय आयोगाच्याच (संघाच्या कार्यकारी मंडळाच्या) अंदाजावर बोट ठेवले. पुढे इंटेलने जर्मनीतील मॅग्डेबर्गचा नियोजित कारखाना रद्द केला आणि सगळी योजनाच फसली, असा सूर लागला. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो, कारण कारखान्याला दिलेले अनुदान आणि अनेक देशांनी मिळून केलेल्या संशोधनावरचा खर्च यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

अतिनील प्रकाशाच्या टोकाकडील, म्हणजे ईयूव्ही लिथोग्राफीचेच (प्रकाशाने चिपवर सूक्ष्म नक्षी छापण्याच्या तंत्राचेच) पाहा. कथिलाच्या अतिसूक्ष्म थेंबांवर सेकंदाला सुमारे ५० हजार वेळा लेझरचा मारा करून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निर्माण करायचा आणि तो हवेतही शोषला जात असल्याने सारा खेळ निर्वातात, आरशांच्या साहाय्याने खेळायचा, असे हे यंत्र आहे. ते नेदरलँड्सच्या एएसएमएलचे असले तरी त्यातील आरसे जर्मनीच्या झाइसचे आहेत आणि लेझर ट्रुम्फचा. बेल्जियममधील ल्यूव्हेनच्या आयमेक संस्थेत या तंत्राच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालल्या. १९९० च्या दशकापासून युरोपीय संशोधन कार्यक्रमांनी या कामाला हात दिला होता; प्रत्यक्ष मोठ्या उत्पादनात हे तंत्र २०१९ च्या सुमारास उतरले. दर पाच वर्षांनी बाजारातील वाटा मोजणाऱ्या कोणी हा खर्च केव्हाच बंद पाडला असता.

म्हणूनच या कायद्यातील पायलट लाइन, म्हणजे नवे तंत्र उत्पादनाआधी छोट्या प्रमाणावर आजमावण्याच्या सोयी, मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. आयमेकमध्ये २ नॅनोमीटरच्या पलीकडील, म्हणजे आणखी सूक्ष्म चिपच्या तंत्रासाठी आणि फ्रान्समधील ग्रनोब्लच्या सीईए-लेती या संशोधन संस्थेत कमी वीज खाणाऱ्या चिपच्या एफडी-सॉय या तंत्रासाठी अशी सामाईक सोय उभी राहत आहे. विद्यापीठातील एखाद्या गटाला किंवा नव्या कंपनीला अशी यंत्रे स्वबळावर विकत घेणे अशक्यच असते. युरोप्रॅक्टिस ही सामाईक सेवा हीच गरज डिझाइनच्या टप्प्यावर १९९५ पासून भागवत आली आहे: अनेकांची डिझाइन एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) बसवायची, मास्कचा (नक्षीच्या साच्यांचा) खर्च वाटून घ्यायचा आणि प्रत्येकाच्या हाती चाचणीपुरत्या चिप द्यायच्या.

दोष आहे तो निधीच्या रचनेत. चिप्स जॉइंट अंडरटेकिंग या संघ, सहभागी देश आणि उद्योग यांच्या संयुक्त संस्थेच्या बहुतेक सहयोगी प्रकल्पांत संघाच्या पैशाला सहभागी देशाच्या तिजोरीतील पैशाची जोड लागते. प्रस्ताव सरस ठरला तरी एका देशाचे अंदाजपत्रक आटले की तिथला भागीदार गळतो आणि उरलेल्यांना कामांची वाटणी नव्याने करावी लागते. प्रत्येक देशाचे पात्रतेचे निकष आणि हिशेबाची पद्धत वेगळी. मोठ्या कंपनीकडे यासाठी वेगळा विभाग असतो. दहा-बारा जणांच्या कंपनीत मात्र संशोधन करणाराच कागदपत्रेही भरत बसतो.

लेखापरीक्षकांच्या त्याच अहवालानुसार अपेक्षित ८६ अब्ज युरोंपैकी जेमतेम ५ टक्के रक्कम आयोगाच्या अखत्यारीत आहे. कायद्यात सुधारणा करताना हा हिस्सा वाढवावा आणि छोट्या भागीदारांना त्यातून थेट, एकाच अर्जावर व एकाच नियमावलीनुसार पैसे मिळावेत. कारखान्यांच्या अनुदानाची स्पर्धा सदस्य देशांनी आपापल्या बळावर खुशाल करावी.

आपला,
एक वाचक