बालाकचे ते पिवळे कार्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील निवृत्त फुटबॉलपटूंवरील लेखात जर्मनीच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ मिखाएल बालाक याची ‘कायमचा उपविजेता’ अशी बोळवण केली आहे. २००२ च्या विश्वचषकात त्याने उपांत्य सामन्यात ‘विनाकारण’ पिवळे कार्ड ओढवून घेतले, हे त्यातील विधान तर मुळीच पटले नाही.

२५ जून २००२ रोजी सोलमध्ये यजमान दक्षिण कोरियाविरुद्ध ७१ व्या मिनिटापर्यंत गोलफलक कोरा होता. कोरियाचा ली चुन-सू चेंडू घेऊन जर्मनीच्या पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी आला, तेव्हा बालाकने मागून येऊन त्याला पाडले आणि पिवळे कार्ड पत्करले. आधीचे एक कार्ड नावावर असल्याने या दुसऱ्या कार्डामुळे आता अंतिम सामन्याला मुकावे लागणार, हे उघड होते. तरीही मान खाली घालून फिरण्याऐवजी चारच मिनिटांनी तो कोरियाच्या गोलसमोर हजर होता. सहकारी नॉयव्हिलच्या पासवर त्याने उजव्या पायाने मारलेला फटका गोलरक्षकाने अडवला आणि परत आलेला चेंडू त्याने डाव्या पायाने जाळ्यात धाडला. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्धचा एकमेव गोलही त्याचाच होता. योकोहामाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने जर्मनीला २-० असे हरवले, पण त्या सामन्यात जो उतरलाच नाही, त्याच्या पदरात तो पराभव का घालावा?

दोष द्यायचाच असेल, तर मे २००० मधील उंटरहाखिंगच्या सामन्याचा द्यावा. बालाकच्या तेव्हाच्या लेव्हरकुसेन संघाला जर्मन लीगच्या विजेतेपदासाठी अवघा एक गुण हवा असताना बालाकने स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू घातला आणि बाजी बायर्न म्युनिकने मारली. (लेखात नेमका हाच प्रसंग नाही, याचे नवल वाटते.) मात्र त्याच्या जोडीने कायझर्सलाउटर्नसह १९९८ चे लीग विजेतेपद, बायर्नकडून २००३, २००५ आणि २००६ मध्ये लीग व जर्मन चषक अशी दोन्ही विजेतेपदे आणि २०१० मध्ये चेल्सीसह इंग्लंडमधील अशीच दुहेरी कामगिरी, हेही सांगायला हवे होते. पूर्व जर्मनीतील गोर्लित्सला जन्मलेल्या या खेळाडूने एकत्रित जर्मनीसाठी ९८ सामन्यांत ४२ गोल केले. मधल्या फळीतून इतके गोल करणारे थोडेच.

आणखी एक गोष्ट लेखकाच्या नजरेतून निसटली. २०१० च्या विश्वचषकापासून उपांत्यपूर्व फेरीनंतर खेळाडूच्या नावावरील एकटे पिवळे कार्ड पुसले जाऊ लागले. हा नियम २००२ मध्ये असता, तर बालाक योकोहामात खेळला असता. नियम लागू झाला त्या २०१० च्या स्पर्धेतही मात्र तो नव्हता, कारण महिनाभर आधी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इंग्लंडच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी केव्हिन-प्रिन्स बोआटेंगच्या टॅकलमुळे त्याचा घोटा दुखावला होता. त्याची १३ क्रमांकाची जर्सी त्या स्पर्धेत थॉमस म्युलरने घातली.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा