कुठल्या गावचा ब्रिटिश ॲक्सेंट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी परवा लेख आला होता त्यात "निघायच्या आधी ब्रिटिश ॲक्सेंट पक्का करून घ्या" असा सल्ला होता आणि त्याच्याच शेजारी क्लासची जाहिरात. जाहिरात कुणीही द्यावी, माझं काही म्हणणं नाही. पण कुठल्या गावचा ब्रिटिश ॲक्सेंट हे दोन्हीकडे कुणीच लिहिलेलं नाही. मी मूळचा मिरजेचा, बरीच वर्षं उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या शेफील्डला आहे, आणि इथून ट्रेननं तासाभरावर मँचेस्टर आहे तिथल्या सँडविचच्या दुकानात साधा गोल पाव मागायचा तरी शब्द बदलावा लागतो.

खरंच सांगतो. शेफील्डला त्या पावाला ब्रेडकेक म्हणतात, मँचेस्टरला बार्म, नॉटिंगहॅम-डर्बीकडे कॉब, कॉव्हेंट्रीत बॅच, ओल्डहॅमकडे चक्क मफिन, आणि पश्चिम यॉर्कशरच्या काही गावांत टीकेक, जो बाकीच्या देशात मनुके घातलेला गोड पाव असतो. यातलं बरोबर कुठलं यावर इथली माणसं पबमधे तावातावानं भांडतात आणि त्यात विनोदाचा भाग अर्धाच असतो. दोन घरांमधल्या बोळाचंही तेच, शेफील्डचा माणूस जेनल म्हणणार, लीड्सचा गिनेल, तिकडे खाली ससेक्समधे ट्विटन.

बरं शब्द पाठ करता येतील हो, पण ओळखीचाच शब्द वेगळ्या अर्थानं आला की काय करणार? यॉर्कशरमधली जुनी माणसं 'व्हाइल' हा शब्द 'पर्यंत' या अर्थानं वापरतात, दुकान 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. 'टी'ला या म्हटलं तर उत्तरेत बऱ्याच घरांत ते संध्याकाळचं जेवण असतं, नवीन आलेली आपली मुलं घरून पोटभर जेवून बिस्किटाचा पुडा घेऊन जातात आणि समोर बटाटे-मांसाचं ताट येतं. पँट्स म्हणजे अमेरिकेत फुलपँट, ब्रिटनमधे आतले कपडे, हे आपल्या मुलांना कुणीतरी सांगितलेलं असतं, पण लँकशरमधे पुन्हा फुलपँटच, हे कुठला क्लास सांगणार! आपल्याकडचे डॉक्टर पीएलएबीचा, म्हणजे ब्रिटनमधे डॉक्टरकी करण्याआधी द्यायच्या परीक्षेचा, प्रॅक्टिकलचा भाग द्यायला मँचेस्टरला येतात, पास होतात, आणि यॉर्कशरमधे नोकरी लागली की पहिल्याच आठवड्यात कुणी आजी सांगते की आय हॅव बीन बॅडली, म्हणजे आजारी होते, कुणी आई सांगते की बाळ मार्डी आहे म्हणजे किरकिर करतंय, आणि कुणी आजोबा म्हणतात मी नेश झालोय, म्हणजे थंडी सोसत नाही. या डॉक्टरांचा आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतला स्कोअर नऊपैकी साडेसात असतो बरं का.

आता उच्चार. लंडनकडे 'बाथ', 'ग्रास' असा लांब आ, आणि शेफील्डपासून वर सगळीकडे आखूड, बॅथच्या जवळ जाणारा. कप आणि बसमधला अ इथे उ कडे झुकतो, ड्रायव्हर तुम्हाला 'लव्ह' म्हणतो (पुरुषालाही म्हणतो, दचकू नये) ते कानाला 'लुव्ह' लागतं. मग क्लासमधे मुलांना घोटून घेतात तो ब्रिटिश उच्चार कुणाचा? तर पब्लिक स्कूल (म्हणजे तिथल्या महागड्या खाजगी शाळा) आणि जुन्या बीबीसीचा, ज्याला आरपी म्हणजे रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन म्हणतात. भाषेच्या अभ्यासकांचा जुना अंदाज असा की तो शुद्ध रूपात बोलणारे शंभरात तीन. बीबीसीनं 1941 मधे, महायुद्ध चालू असताना, यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं आणि ते उत्तरेतल्या लोकांना 'गुड नाइट'ऐवजी 'गुड नीट' म्हणून निरोप द्यायचे, त्यावर लोकांनी तक्रारी केल्या, काही म्हणाले असल्या उच्चारात बातमी खरी वाटत नाही. म्हणजे ब्रिटिश माणसालाच ब्रिटिश ॲक्सेंट नाही म्हणणारे ब्रिटिशच!

पण माझा खरा राग त्या 'र' वर आहे. आपल्या मुलांना क्लासमधे सांगतात की कार, पार्क, फार्म यातला र गिळा. कशाला? स्कॉटलंडमधे र ठणठणीत वाजतो, आयर्लंडमधे वाजतो, ब्रिस्टल-डेव्हनकडे वाजतो, लँकशरच्या काही गावांतही अजून कानावर पडतो, आणि अमेरिकेत तर बहुतेक सगळीकडे. इंग्लंडमधे र म्हणणारा म्हणजे शेतकरी नाहीतर पडद्यावरचा समुद्री चाचा अशी थट्टा चालते, आणि न्यूयॉर्कमधे बरोब्बर उलटं. तिथे 1962 साली विल्यम लबॉव्ह नावाच्या संशोधकानं तीन मोठी दुकानं निवडली, श्रीमंतांचं सॅक्स, मधलं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन, आणि चौथ्या मजल्यावर मिळणारीच वस्तू कुठे आहे असं तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारत गेला, म्हणजे समोरचा 'फोर्थ फ्लोर' म्हणणारच, मग ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा वदवून घ्यायचं. सॅक्समधल्या 62 टक्के लोकांच्या बोलण्यात र थोडातरी आला, मेसीजमधे 51 आणि क्लाइनमधे 20. तोच एक र, समुद्राच्या एका बाजूला गावंढळ आणि दुसऱ्या बाजूला भारदस्त, मग आमच्या जालन्याच्या पोरानं तो नेमका कुठल्या किनाऱ्यावर टाकून द्यायचा? आपला र शाबूत आहे तो राहू द्या की.

अमेरिकेचा विषय निघालाच म्हणून सांगतो, तिथेही एक काही नाही. कोल्ड्रिंकला न्यूयॉर्क-बोस्टनकडे आणि कॅलिफोर्नियात सोडा, शिकागो-मिशिगनकडे पॉप, आणि दक्षिणेत बरेच लोक कुठल्याही बाटलीला कोकच म्हणतात. तुम्ही सगळे म्हणायला टेक्सासकडे 'यॉल', पिट्सबर्गला 'यिन्झ'. दक्षिणेत पिन आणि पेन कानाला सारखेच.

हे सगळं इंग्रजांना माहीत नाही असं नाही. लीड्स विद्यापीठातले हॅरॉल्ड ऑर्टन आणि त्यांचे सहकारी 1950 ते 1961 या काळात 313 ठिकाणी, बहुतेक खेड्यांत, फिरले आणि म्हाताऱ्या माणसांना तेराशेच्या आसपास प्रश्न विचारून कुठे काय म्हणतात ते लिहून घेतलं. पुढे त्याचे नकाशे छापले. नकाशे बघितले की एकेका शब्दाची हद्द दिसते, अगदी नागपूरचं 'काय करून राहिला' आणि कोल्हापूरचं 'काय करालायस' यांच्यामधे कुठेतरी असेल तशी.

आता कुणी म्हणेल की याचा अर्थ कसंही बोललं तरी चालतं. नाही, तेही खरं नाही. इथे बर्मिंगहॅमच्या उच्चाराची टिंगल होते, इंटरव्ह्यूला जाताना उत्तरेतली पोरं स्वतःचा उच्चार मऊ करतात, हे मी डोळ्यानं बघतो. आणि आपलं बोलणंही इथल्या लोकांना समजायला कधीकधी जड जातं, पण ते ॲक्सेंट नाही म्हणून नव्हे. आपण भरभर बोलतो, प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर देतो, इंग्रजीत मात्र शब्दातल्या एकाच ठिकाणी जोर पडतो आणि तो चुकला की माणूस गोंधळतो. दुसरं म्हणजे वेस्ट आणि व्हेस्ट आपल्या तोंडून एकच निघतं, दिशा कुठली आणि बनियन कुठलं ते समोरच्यानं ओळखायचं. ही दोन कामं शिकवणारा क्लास असेल तर त्याला खुशाल पैसे द्या.

बाकी पैसे वाचवा आणि ज्या शहरात ॲडमिशन मिळाली तिथली माणसं ऐका. त्या शहरातल्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या मॅच संपल्यावरच्या मुलाखती यूट्यूबवर फुकट असतात, पहिले दोन-तीन दिवस काही कळणार नाही, मग कान बसतो. ग्लासगोला जाणाऱ्यानं ग्लासगोचं ऐकावं, न्यूकॅसलला जाणाऱ्यानं न्यूकॅसलचं. घरमालकीण, बसचा ड्रायव्हर, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरची बाई यांच्याशीच पहिल्या महिन्यात गाठ पडते, प्रोफेसरशी नंतर, आणि प्रोफेसर तर कित्येकदा स्वतःच जर्मनीचा नाहीतर चीनचा असतो.

पुढच्या पुरवणीत जागा मिळाली तर तिकडे शिकत असलेल्या चार वेगवेगळ्या शहरांतल्या मराठी मुलांना विचारून तिथे काय कानावर पडतं ते छापा, अशी विनंती.

आपला एक जुना वाचक,
शेफील्ड (मूळचा मिरज)