पाळण्याचा पाय आधी ठोकून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातली ‘खाडीकिनाऱ्याला नवी झळाळी’ ही बातमी वाचली. झळाळी हा शब्द मात्र अगदी नेमका निवडलात. ऑइलपेंटची झळाळी पहिल्या पावसापर्यंत टिकते. त्यापुढचे कुणी बघायचे, हे बातमीत नाही. छायाचित्रही छान. त्यात पाळण्याच्या साखळ्या जागेवर दिसतात, म्हणजे ते बरेच जुने असणार.

बातमीप्रमाणे किनाऱ्यावरचे पाळणे, घसरगुंडी, व्यायामाची साधने, पॅडल बोटी, सगळे ‘पूर्ववत’ होणार म्हणे. पूर्ववत केले तर पूर्ववत मोडेलही. मागच्या खेपेला बसवलेल्या त्या पाळण्याचेच घ्या. वरचा आडवा पाईप ठणठणीत होता, वेल्डिंगही बरे होते. पाय तुटला तो बरोबर जमिनीलगत, काँक्रीटपासून बोटभर अंतरात. खाऱ्या वाऱ्यातले लोखंड बहुधा तिथेच जाते. पाईप थेट काँक्रीटमध्ये पुरला की भोवती केसाएवढी फट राहते आणि तिच्यात पाणी, माती, खाडीवरून आलेले मीठ साचते. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे पाऊस उघडला तरी ती जागा लवकर सुकत नाही. त्यात पाईपचे वरचे तोंड उघडे असेल तर पाणी आतूनही उतरते, आणि तळाला निचऱ्याचे भोक नसले की तिथेच मुरते. बाहेर रंगाचे तीन हात आणि आत गंजाचा पापुद्रा! कंत्राटदाराला ‘नवी झळाळी’ द्यायला सांगण्याआधी एक हातोडी घेऊन प्रत्येक पायाच्या तळाशी ठोकून बघावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द वाजले तर पाळणा त्याच क्षणी बंद. एवढ्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही, पण नेमतीलच.

नवा पाय पुरायचाच नाही. काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या १०० मिलिमीटर वर काढावा, माथ्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, मुले ठेचकाळू नयेत म्हणून कडा गोल कराव्यात आणि वर तळपट्टी बोल्टने बसवावी. म्हणजे सांधा डोळ्यांसमोर राहतो आणि उद्या पाय बदलायचा झाला तर जमीन फोडावी लागत नाही. काँक्रीटही नेहमीच्या एम-२० प्रतीचे नको. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात समुद्राच्या हवेत उघड्यावर असलेल्या लोखंडी सळईच्या कामाला किमान एम-३० आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे. तिथल्या बाकांचे काँक्रीट फुटून सळया बाहेर आल्या आहेत, त्यांच्यावर किती आवरण होते ते पट्टी लावून कुणीही मोजावे.

आता गंज रोखणाऱ्या जस्ताचे. निविदेत ‘जीआय पाईप’, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप, एवढेच लिहिले की कंत्राटदार बाजारातला तयार पाईप आणतो, जागेवर कापतो, वेल्डिंग करतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यावरचे जस्त जळून जाते. त्यावर चांदीरंग फासला की साहेबांना दिसायला सगळे सारखेच. खरा क्रम उलटा आहे. आधी कापणे, भोके पाडणे, वेल्डिंग, सगळे उरकायचे आणि मग अख्खी चौकट साधारण ४५० अंश तापलेल्या जस्तात बुडवायची. पाच मिलिमीटर व त्याहून जाड लोखंडावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जस्त बसले पाहिजे. बंद पाईपला आधी भोके ठेवावीच लागतात, नाहीतर आत अडकलेली हवा आणि वाफ जस्ताच्या कुंडातच स्फोट करते. खालच्या टोकाचे भोक पुढे पाण्याच्या निचऱ्यालाही उपयोगी पडते.

जुने ठेवून रंगवायचेच असेल तर वायर ब्रश फिरवून, लांबी (पुट्टी) भरून, वर रेड ऑक्साइड मारणे बंद करा. ब्रशने मीठ निघत नाही, घासून खड्ड्यात बसते. आधी गोड्या पाण्याने धुणे, मग धातू राखाडी-पांढरा दिसेपर्यंत ब्लास्टिंग (जोरात खर मारून गंज उडवणे), हवा दमट असेल तर काही तासांतच झिंक-एपॉक्सी प्रायमर, त्यावर एपॉक्सी, शेवटी उन्हात टिकणारा पॉलियुरेथेन रंग. एपॉक्सी उघडा ठेवला तर उन्हाने त्याची पांढरी भुकटी होते. सगळे थर मिळून निदान २४० मायक्रॉन. जाडी मोजायचे मीटर हातात मावते. बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक पायावर टेकवा.

व्यायामाच्या साधनांना स्टेनलेस स्टील लावणार, असेही छापले आहे. कोणते? ३०४ प्रतीच्या स्टीलला खाडीकाठी चहासारखे डाग पडतात. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम धातू असल्याने ते तग धरते. चुंबक लावून फरक कळत नाही, दोन्हींना तो जवळपास चिकटतच नाही. आणि स्टेनलेसला साधे लोखंडी बोल्ट लावू नका, त्या जोडीत बोल्टच आधी खलास होतात.

राहिल्या बोटी. फायबरच्या बुडाला चीर गेली की आतला फोम पाणी पितो आणि दोन माणसांची बोट चार माणसांना उचलवत नाही. ती वाळवल्याशिवाय वर फायबरच्या चटईचे थर चढवले तर फोड येतात. पण खरी अडचण बोटींची नाहीच. बोटी जिथे चालवायच्या ते धारण तलाव सिडकोने पावसाचे पाणी साठवायला बांधले. ओहोटीला झडप उघडून पाणी खाडीत जावे, भरतीला झडप मिटावी, एवढे साधे गणित. झडपेत प्लास्टिक आणि गाळ अडकला की भरतीचे पाणी गाळासकट आत येते, गाळावर कांदळवन उगवते, आणि मग त्याला हात लावायला उच्च न्यायालयाची परवानगी. शिवाय पावसाळ्यात तलाव रिकामा हवा, बोटींना भरलेला. म्हणजे नौकाविहार दिवाळी ते मे एवढाच, तोही झडप दुरुस्त असेल तर. ‘बारमाही नौकाविहार’ हे तुमच्या बातमीतले शब्द कुणाचे?

जाता जाता. आपल्या अंकात पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा यायच्या, त्या जागी आता राशिभविष्य दुप्पट झाले आहे. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, पाठ करून चालत नाही. राशी तशाच राहतात. त्यांना थोडी कमी जागा दिली तरी चालेल.

आपला,
फॅब्रिकेशनच्या धंद्यातला एक वाचक, नेरुळ