नाळ जुळली, पण कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगावर, म्हणजे जपानी चित्रकथांवर, मराठीत आता बरेच लिहिले जाते, ही चांगलीच गोष्ट. पण ‘नारुतो’च्या उपसंहाराचा विषय निघाला की बहुतेक परीक्षणे दोनच प्रश्नांभोवती घुटमळतात. कुणाचे लग्न कुणाशी झाले आणि कुणाचे पोर कुणावर गेले? निन्जांच्या पुढच्या पिढीची ‘सातवा होकागे’ (होकागे म्हणजे गावाचा प्रमुख) ही छोटी कथा त्याहून जास्त बारकाईने वाचावी अशी आहे. तिच्यात काय जमले आणि काय फसले, हे नेमके सांगण्यासाठी हे पत्र.

आधी हिशेब स्पष्ट करू. मासाशी किशिमोतो यांची मूळ मालिका १९९९ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ७०० व्या प्रकरणावर संपली. पुस्तकरूपात तिचे ७२ खंड आहेत. ते ७०० वे प्रकरण अनेक जण उपसंहार म्हणून धरतात. प्रत्यक्षात ती हजेरी आहे. नारुतोचा मुलगा बोरुतो होकागेंचे कोरीव चेहरे रंगवून खराब करतो, आता होकागे झालेला नारुतो त्याला पकडतो, मग एकेक जोडपे आणि त्यांचे मूल पानावर येऊन जाते. जुन्या वाचकाला ते गोड वाटते, पण त्यात प्रश्न असा कुठलाच नाही. प्रश्न येतो तो पुढच्या वर्षीच्या ‘सातवा होकागे’च्या कथेत. ती २७ एप्रिल ते ६ जुलै २०१५ या काळात त्याच साप्ताहिकात दहा प्रकरणांत आली आणि नंतर एकाच खंडात बसली. प्रकरणांचे क्रमांक ७००+१ ते ७००+१० असे आहेत. ही कथा किशिमोतोंची स्वतःची आहे आणि चित्रेही त्यांचीच. पुढे २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘बोरुतो’ मालिकेची चित्रे मिकिओ इकेमोतो यांची. दोन्ही एका दमात वाचणाऱ्याला रेषा बदललेली लगेच जाणवते, आणि तो बदल नजरचुकीचा नसतो.

ही कथा सारदाची आहे. (नाव मराठी कानाला शारदेच्या जवळचे वाटते, पण जपानीत सारदा म्हणजे सॅलड. बोरुतो म्हणजे बोल्ट, आणि हिनाताचा लढाईत गेलेला चुलतभाऊ नेजी म्हणजे स्क्रू. नारुतो आणि हिनाताच्या मुलाच्या नावात नेजीची आठवण कशी बसवली आहे, ते भाषांतरात हरवते.) सारदाचे वडील सासुके वर्षानुवर्षे मोहिमेवर, घरी आई साकुरा, आणि मुलीला बापाचा चेहरा जेमतेम ठाऊक. कथेची ठिणगी अगदी साध्या प्रश्नाने पडते. बाबा चष्मा लावतात का? साकुराला पटकन उत्तर देता येत नाही. नवऱ्याबद्दलची इतकी साधी गोष्ट बायकोला सांगता येऊ नये, तर सारदाने काय समजायचे? ती पुढचा प्रश्न विचारते, तू खरेच त्यांची बायको आहेस का? साकुराचा संताप अनावर होतो, तिची मूठ जमिनीवर आदळते आणि सगळे घर कोसळते. हा प्रसंग हसण्यासारखा रंगवलेला आहे. पण त्याच ढिगाऱ्यात फोटोची चौकट फुटते, आणि वडिलांचा म्हणून पाहिलेला फोटो एका मोठ्या समूहछायाचित्राचा भाग असल्याचे दिसते. त्यात सासुकेशेजारी एक स्त्री आहे, आणि तिचा चष्मा थेट सारदासारखा. ती कारिन, सासुकेची एके काळची सहकारी.

इथवरची मांडणी निर्दोष आहे. किशिमोतोंनी शंका शब्दांतून न आणता वस्तूंमधून आणली. आधी चष्मा, मग फोटो. पुढचा पुरावा माणसांवर प्रयोग करणाऱ्या ओरोचिमारूच्या अड्ड्यावर मिळतो. कारिन तिथे नसते. सारदा तिचा सहकारी सुइगेत्सु याला गाठते, आणि तो कारिनच्या टेबलात सापडलेली वाळलेली नाळ काढून आणतो. जपानमध्ये बाळाच्या बेंबीवरून गळून पडलेला नाळेचा तुकडा लाकडी डबीत जपून ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे जपानी वाचकाला ही वस्तू परकी वाटत नाही. सुइगेत्सु ती कारिनचीच समजतो आणि सारदाच्या नमुन्याशी ताडून पाहतो. जुळते. कारिन हीच आई, असा निष्कर्ष निघतो.

या ठिकाणी बहुतेक परीक्षणे एक तर ‘धक्कादायक वळण’ म्हणून पुढे जातात, नाही तर ‘काहीही दाखवले’ म्हणून हात झटकतात. चाचणी मात्र कुणीच तपासत नाही, म्हणून थोडे सविस्तर. मुलाला निम्मी जनुके आईकडून मिळतात. म्हणजे आईचा आणि मुलीचा नमुना ताडला तर ठरावीक प्रमाणातच साम्य दिसते, सगळे नाही. नाळ मात्र फलित बीजापासूनच घडते. ती जनुकांच्या दृष्टीने बाळाची असते, आईची नव्हे. टेबलातली नाळ खरोखर कारिनच्या स्वतःच्या जन्माची असती आणि कारिन सारदाची आई असती, तर साम्य निम्मे दिसायला हवे होते. शेवटच्या प्रकरणात कळते की ती नाळ सारदाच्याच जन्माची होती. मग दोन्ही नमुने एकाच व्यक्तीचे, आणि निकाल पूर्ण तंतोतंत. ‘आई-मुलगी’ आणि ‘एकच माणूस’ यांत फरक न करणारे यंत्र असेल तर ते प्रयोगशाळेत ठेवण्याच्या लायकीचे नाही. आणि यंत्राने फरक दाखवला असेल तर सुइगेत्सुला आकडा वाचता आला नाही. कथेच्या बाजूने बोलायचे तर दुसरी शक्यता त्याच्या स्वभावाला शोभते. गडी उतावळा आहे. पण ओरोचिमारूसारखा माणूस त्याच छताखाली असताना एवढी ढोबळ चूक तशीच राहते, हे लेखकाचे ढिसाळ काम. दोन चौकटी जास्त दिल्या असत्या तर भागले असते.

मराठीत आपण नाळ जुळणे म्हणतो तेव्हा रक्ताचे नाते मनात असेलच असे नाही. गावाशी, गाण्याशी, माणसाशीही नाळ जुळते. या कथेचा कणा नेमका त्या दोन अर्थांमधल्या अंतरात आहे. निकाल ऐकून सारदा पळून जाते. नारुतो तिच्यामागे जातो. स्वतः अनाथ वाढलेला, इरुकासारख्या शिक्षकात बाप शोधलेला हा माणूस नात्याबद्दल बोलतो, आणि सारदा ठरवते की जिने वाढवले तिला सोडवायला जायचे. साकुराला तोवर शिन या खलनायकाने पळवलेले असते. म्हणजे साकुरा ही आपली जन्मदाती नाही असे मानूनच मुलगी तिच्यासाठी धोका पत्करते.

‘शेवटी रक्तच जिंकले, नारुतोचे बोलणे फुकट गेले’ ही टीका वारंवार होते. ती करणाऱ्यांनी शेवटचे प्रकरण पुन्हा उघडून पाहावे. खरा उलगडा कारिन करते, आणि तो सुइगेत्सुसमोर. प्रवासात असलेल्या साकुराची प्रसूती तिने केली, नाळ तिथलीच, आणि सारदाचा पहिला चष्माही तिनेच दिलेला. त्या पानांवर सारदा नाही. ती या गोष्टीपर्यंत पोचते ती वडिलांना प्रश्न विचारून. तुमचे आणि आईचे मन खरेच जोडलेले आहे का? सासुके उत्तर देतो की हो, कारण आम्हाला तू आहेस. मुलीला हवे ते प्रयोगशाळेशिवाय मिळते आणि वाचकाला प्रयोगशाळेतला घोटाळा वेगळा कळतो. क्रम उलटा असता, आधी कारिनचा खुलासा आणि मग बापाचे उत्तर, तर टीकाकारांचे म्हणणे बरोबर ठरले असते.

शारिंगानचे प्रकरणही असेच नीट पाहण्याजोगे. मूळ मालिकेत सासुकेच्या उचिहा घराण्याचा हा शक्तिशाली डोळा उघडतो तो बहुतेकदा आघाताने, जवळचे कुणी गमावल्यावर. सारदाचा डोळा उघडतो वडील भेटणार या ओढीने. पुढच्याच क्षणी तिला शत्रू समजून सासुके तिच्यावर तलवार रोखतो. इतकी वर्षे वाट पाहिलेली पहिली भेट, आणि बापाच्या हातात पाते! दहा प्रकरणांतला हा सर्वांत कसदार प्रसंग. बापाला मुलगी ओळखता आली नाही, याहून वेगळे काही सांगायची गरज राहत नाही.

सारदाची मैत्रीण चोचो हिचा विनोदी धागा मात्र उगाच हिणवला जातो. आपले आईबाप खरे नाहीत, कुणी तरी देखणे जोडपे कुठे तरी आपली वाट पाहत असेल, असे तिच्या डोक्यात बसते. सारदाच्या गंभीर शंकेचीच ही नक्कल आहे, फक्त वेफर्स खात चाललेली. बोरुतोने नारुतोला पोचवायचा डबा या दोघी आपल्याकडे घेतात आणि त्या निमित्ताने गावाबाहेर पडतात. अख्खी मोहीम एका जेवणाच्या डब्यावर निघते, ही किशिमोतोंची जुनी खुबी.

फसले ते खलनायकाचे. शिन उचिहा हा जन्माने उचिहा नाहीच. ओरोचिमारूच्या प्रयोगांतला हा माणूस, कुठलाही परका अवयव त्याचे शरीर नाकारत नाही, सासुकेचा भाऊ इताची याच्या भक्तीपोटी त्याने आडनाव उचलले. अंगावर शारिंगान रोवलेले, आणि स्वतःच्या प्रतिकृती मुले म्हणून पाळलेल्या. कल्पना म्हणून हे सारदाच्या प्रश्नाचे भयंकर प्रतिबिंब आहे. इथे रक्त शंभर टक्के सारखे, आणि नाते शून्य. ती मुले शेवटी त्याच्यावरच उलटतात, आणि उरलेल्यांना काबुतोच्या अनाथालयात जागा मिळते. पण हे सगळे मांडायला जागा किती? दहा प्रकरणे, त्यातली सुरुवातीची घरच्या शंकेत गेलेली. मग अकात्सुकी ही मूळ मालिकेतली गुन्हेगारी टोळी पुन्हा उभारण्याची त्याची घोषणा येते, आणि ती इतकी उसनी वाटते की पान उलटताना विसरून जाते. शिवाय महायुद्ध संपवून आलेल्या नारुतो-सासुकेंना हा माणूस काही काळ तरी अडवतो, हे पटवण्यासाठी त्या दोघांना मुद्दाम संथ करावे लागले. लढाईची पाने निम्म्यावर आणून प्रतिकृती मुलांपैकी एकाला नाव आणि आवाज दिला असता तर कथा दुप्पट जड झाली असती.

साकुराबद्दल तक्रार आहे, ती खरी आहे. पळवून नेल्यावरही ती शिनशी एकटी भिडते, हे कबूल. पण जाणत्या वयाच्या मुलीला वडिलांबद्दल दोन वाक्येही सांगता येऊ नयेत, इतके मौन तिच्यावर कथानकाच्या सोयीसाठी लादले आहे. सासुके मूळ मालिकेतली शत्रू कागुया हिच्याशी जोडलेल्या धोक्याच्या शोधात गुप्तपणे फिरतो आहे, हे कारण बाहेरच्यांसाठी ठीक. चष्मा लावतो की नाही यात कसली गुप्तता?

वाचनाचा क्रम विचारणाऱ्यांसाठी. ७०० वे प्रकरण, मग ही दहा प्रकरणे, त्यानंतर ऑगस्ट २०१५ चा बोरुतो चित्रपट, आणि शेवटी मालिका. थेट मालिकेला हात घातला तर होकागे होण्याचा सारदाचा हट्ट आकाशातून पडल्यासारखा वाटतो. तो याच कथेत आकाराला आला आहे.

आणि एक विनंती छपाईबद्दल. पुरवणीत मंगाचे पान देताना मराठी वाचकाच्या सोयीसाठी ते आरशात धरल्यासारखे उलटे फिरवू नये. उजवीकडून डावीकडे वाचा, एवढी ओळ खाली दिली की पुरते. शेवटच्या भागात निघताना सासुके सारदाच्या कपाळाला दोन बोटे टेकवतो, जसा इताची लहानपणी त्याच्या कपाळाला टेकवायचा. सासुकेचा डावा हात नाही. बोटे उजव्या हाताची आहेत. पान फिरवले की तुटलेला हात बदलतो, आणि ज्याने मूळ वाचले आहे त्याची नजर कपाळावरून थेट त्या रिकाम्या बाहीवर जाते.

आपला,
एक मंगावाचक